जहाजावर बसलेली पंगत

मी चौथी शिकलेला माणूस. त्याची मला लाज न्हाई, आणि कोणी त्याच्यावरून कीव केली तर मी त्याच्या घरचा चहासुद्धा घेत न्हाई. चौथीवर मी दुकान चालवलं, दोन पोरींची लग्नं केली, आणि परदेशात जाऊन जहाजावर कोट घालून जेवलो. हे जहाजावरचं जेवण ज्या माणसामुळं माझ्या ध्यानात राहिलं, त्या माणसाबद्दल लिहायला बसलोय. त्यांचं नाव लिहीत न्हाई. लिहिलं तर त्यांची सून म्हणेल, काका, विचारायचं तरी. न लिहिलं तर म्हणेल, का न्हाई लिहिलं. दोन्हीकडून बोलणी बसणारच, म्हणून नुसतं मामा लिहितो. सगळी तीर्थपुरी त्यांना मामाच म्हणायची. सुनेचं तर ते नातंच होतं.

बाजारात त्यांचं बियाण्याचं दुकान आणि बराबर समोर माझं खताचं. थोडंफार बी मीबी ठेवायचो, पण कपाशीचं बी घ्यायला लोक मामांकडेच जायचे. मला ते कधी नावानं हाक मारत नव्हते. सकाळी शटर वर गेलं की तिकडून आवाज यायचा, "ओ खतवाले, जेवून आले का तसेच आले?"

जेवण हा त्यांचा सगळ्यात मोठा विषय. गिऱ्हाईक आलं की कोणतं बी पाहिजे हे नंतर, जेवलास का हे आधी. आणि गिऱ्हाइकाबरोबर लेकरू असलं तर मंग बापाला कोणी विचारतच नव्हतं. लेकराला गादीवर बसवायचे, गूळ-फुटाणे द्यायचे, आणि बियाण्याची पिशवी बापाच्या हातात न देता लेकराच्या हातात द्यायचे. एवढीशी पोरं, छातीशी पिशवी धरून बापाच्या पुढं चालायची. लोक म्हणायचे, मामांच्या हाताला गुण हाय. मामा म्हणायचे, माझ्या न्हाई, त्या पोराच्या.

माझ्या दुकानाच्या पायरीवर मात्र ते एकाही पोराला बसू देत नव्हते. "फवारणीचं औषध विकून राह्यलास तू, तिथं लेकरांचं काय काम," म्हणून रस्त्यापलीकडून ओरडायचे. भर गिऱ्हाइकात ओरडायचे. मला राग यायचा. अजूनबी आठवलं की येतो.

पंगतीच्या बाबतीत तर ते निव्वळ वेडे होते. आमच्याकडं लग्नात आधी पाहुणे बसतात, मंग गावातले, आणि पोरं राहिलेल्यात. पोरं मांडवाच्या कडेला उभी राहून बुंदीच्या परातीकडं बघत राहतात, आणि कोणीतरी उपरण्यानं त्यांना हाकलत राहतो. मामांना हे बघवत नव्हतं. त्यांचं म्हणणं, एक मोठा माणूस, एक लेकरू, असं बसवा. लेकरू मोठ्याचं बघून शिकतं आणि मोठा लेकराला बघून हावरटपणा करत न्हाई.

अंतरवाली सराटीला एक लग्न होतं. सोयरीक मामांनीच जमवलेली, म्हणून त्यांना पहिल्या पंगतीत मानाची जागा. पत्रावळी मांडल्या, वऱ्हाड बसलं, आणि मामा उभेच.

"बसा ना मामा," नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले.

"पोरं कुठं हायेत?"

"पोरं मागून बसतील. आधी पाहुणे."

"मंग मीबी मागून."

आणि खरंच जाऊन बाहेर लिंबाखाली पोरांत मांडी घालून बसले. आता सोयरीक जमवणारा माणूसच उपाशी, तर पंगतीला हात कोण लावणार? वाढलेलं वरण निवून चाललं. शेवटी नवऱ्याचे वडील स्वतः उठले आणि पोरांना आत घेऊन आले. एक मोठा, एक लहान, अशी पंगत बसली. त्यांच्या स्वतःच्या शेजारी जे पोरगं आलं त्यानं तिसऱ्याच घासाला वरणाचा द्रोण त्यांच्या धोतरावर उपडा केला. नवं कोरं धोतर. ते काही बोलायच्या आत मामांनी आपल्या पुढचा द्रोण उचलला आणि शांतपणानं स्वतःच्या धोतरावर ओतला.

"आता बराबर झालं," ते म्हणाले. "जेवा."

त्या दिवसापासून मामा आणि नवऱ्याचे वडील इतके जवळचे झाले की नवरा-नवरीपेक्षा जास्ती एकमेकांकडं जाऊन राहायचे.

मामांच्या पंगतीचे कायदे होते. सगळं वाढून झाल्याशिवाय ताटाला हात लावायचा न्हाई. शेवटचा पदार्थ शेवटच्या पानावर पडला की मामा हात जोडून मोठ्यानं देवाचं नाव घ्यायचे, मंग पहिला घास. ताटात टाकायचं न्हाई. आणि सगळ्यात मोठा कायदा, शेवटच्या माणसाचं होईस्तोवर कोणी उठायचं न्हाई. "मधीच उठलं की जेवणाऱ्याला घास गिळवत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घरी तर हे रोजच. मामी गेल्यावर दोन नातवंडं हीच त्यांची पंगत. पूजा सात वर्षांची, ओम्या पाचचा. दुपारी शाळा सुटली की दुकानाच्या मागच्या खोलीत तिघं भिंतीला पाठ लावून जेवायची. मी समोरून बघायचो. मामांचे दात गेलेले, त्यांना भाकर वरणात भिजवून खायला उशीर लागायचा. पोरांचं आधीच आटोपलेलं, ती खरकट्या वाळलेल्या हातांनी बसून राहायची.

ह्याच गोष्टीवरून घरात भांडण लागलं. भांडण म्हणजे आवाज न करता असतं तसलं. सून जालन्याची, मस्तगडची. शिकलेली. मामांच्या वळणानं पोरं गावठी राहतील म्हणून तिला त्यांना जालन्याच्या इंग्रजी शाळेत घालायचं होतं. ती पोरांना घेऊन माहेरच्या गल्लीत घर करणार, मुलगा दुकान बघून रात्री मोटारसायकलवर जाणार, आणि मामा तीर्थपुरीत. म्हणजे मामांची पंगत एका पानाची. मामा तिला नको म्हणत नव्हते, हो बी म्हणत नव्हते. नुसते जेवायला बसले की पोरांकडं बघत राहायचे.

त्याच सुमाराला जालन्याच्या एका बियाणे कंपनीनं जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना सिंगापूरला न्यायचं ठरवलं. तिथून पुढं जहाजावर तीन रात्री. मामा सगळ्यांत पहिले आले होते. मीबी यादीत होतो, शेवटी का होईना. प्रत्येकाला दोन तिकिटं, नवरा-बायकोची. मामा म्हणाले, मला बायको न्हाई, मी नात नेतो. माझी मंडळी म्हणाली, पाण्यावर मी झोपणार न्हाई. मंग माझं दुसरं तिकीट मी ओम्याला देऊन टाकलं. फुकट दिलं, आणि मामांना तसं दोन-चार वेळा ऐकवलंबी.

निघायच्या आदल्या दिवशी सून माझ्या दुकानात आली. पहिल्यांदाच आली.

"काका, तुम्ही खोटं बोलत न्हाई असं सगळे म्हणतात."

"बोलत न्हाई," मी म्हणालो. ते खरंच हाय.

"तिथं सगळे मोठे लोक असतील. टेबलावर जेवण असेल. माझी पोरं तिथं कशी वागली ते मला येऊन खरं सांगा. मामांचं वळण चांगलं असेल तर मी गप बसते. पोरांनी चारचौघांत तमाशा केला तर मात्र मी जूनमध्ये जालन्याला जाते, आणि मंग मला कोणी अडवायचं न्हाई."

"हे मामांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, खतवाले सांगतील ते मला कबूल."

बघा आता. जहाज कंपनीचं, पोरं मामांची, आणि ओझं माझ्या डोक्यावर.

सिंगापुराचं मी काही लिहीत न्हाई, तिथं सगळं स्वच्छ होतं एवढंच आठवतं. जहाजाचं सांगतो. पहिल्या रात्री कसंबसं ज्यानं त्यानं खाल्लं. दुसऱ्या रात्री मोठं जेवण होतं. कोट घालूनच यायचं, कंपनीचे मालक स्वतः बसणार, आणि शेवटी मामांना पहिल्या नंबरची ढाल देणार. आम्ही सगळ्यांनी जालन्याच्या टेलरकडून कोट शिवून आणलेले. उकाड्यानं जीव चाललेला, पण कोट काढायला कोणी तयार नव्हतं.

संध्याकाळी कंपनीचे मॅनेजर साहेब मामांच्या खोलीत आले. "मामा, आजच्या जेवणाला लहान मुलं चालत न्हाईत. वर मुलांची वेगळी खोली हाय. खेळणी हायेत, तिथंच त्यांना जेवू घालतात. दोन तासांचा तर प्रश्न हाय."

"बराबर हाय," मामा म्हणाले. "मंग मीबी तिथंच जेवतो."

"अहो, ढाल तुम्हाला द्यायची हाय."

"खतवाल्यांना द्या. ते माझ्या समोरच राहतात, मी बघत जाईन."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. हट्टी माणसाला समजावायचं नसतं, मला अनुभव हाय, मी स्वतः तसलाच. शेवटी साहेब म्हणाले, "आणा. पण रडारड झाली तर मालकांना तोंड तुम्ही द्यायचं."

जेवणघर आमच्या बाजारतळाएवढं. वर काचेची झुंबरं, खाली पाय बुडेल असा गालिचा. दारात काळ्या कोटातला मुख्य वाढपी उभा. त्यानं आधी मामांचं धोतर बघितलं, मंग त्याच्यावरचा कोट, मंग टोपी, आणि शेवटी खाली नजर गेली. पूजा परकर-पोलक्यात, ओम्या मामांच्याच जुन्या कोटातून कापून शिवलेल्या कोटात. दोघांनी त्याला वाकून नमस्कार केला. माणूस गडबडला. त्यानं स्वतः जाऊन ओम्यासाठी एक उंच खुर्ची आणली, पुढं आडवी फळी असलेली.

"हा पिंजरा कशाला?" मामा म्हणाले. त्यांनी ओम्याला साध्या खुर्चीवर बसवलं. त्याचं नाक टेबलाला लागायला लागलं. मंग मामांनी अंगातला कोट काढला, चौघडी घातली आणि ओम्याच्या बुडाखाली सारली. म्हणजे कोटाशिवाय आत यायचं न्हाई अशा ठिकाणी पहिल्या नंबरचा माणूस धोतर-सदऱ्यात, आणि त्याच्या कोटावर नातू बसलेला. मालक समोरच होते. त्यांनी बघितलं आणि नॅपकिनात खोकल्यासारखं केलं.

पहिलं आलं सूप. खोलगट बशीत लाल पाणी, वर मलईचा ठिपका. आम्ही सगळे लागलो प्यायला. मामा आणि पोरं हात मांडीवर ठेवून गप. मला वाटलं, आवडलं नसेल. वाढपी आला, आमच्या रिकाम्या बश्या उचलल्या आणि त्या तीन भरलेल्याबी उचलल्या. ओम्याची मान बशीबरोबर दारापर्यंत गेली.

मंग कच्ची पानं आली, वरून कसलंतरी पांढरं टाकलेली. आम्ही बकऱ्यासारखी खाल्ली. ते तिघं तसेच. वाढप्यानं परत ताटं उचलली. आता मला वाटलं मामा रुसले. साहेबांचं बोलणं मनाला लागलं असणार. आणि रुसले तर रुसले, पोरांनाबी उपाशी ठेवून राह्यले, म्हणून मला त्यांचा रागच आला.

मंग भात आणि भाज्या आल्या. मोठ्या ताटात मधोमध मूठभर भात, चहूकडं रंगीत भाज्या मांडलेल्या, वास असा की माझं पोट भरलेलं असून परत भूक लागली. ओम्याची हनुवटी थरथरायला लागली. पूजानं टेबलाखालून त्याचा हात धरला. मी मनात म्हणालो, आता हा भोकाड पसरणार, आणि घरी जाऊन मला खरं सांगावं लागणार, आणि मामांची पंगत गेली. रडू नको रे बाबा, म्हणून मी त्याच्याकडं डोळे वटारून बघत होतो. त्यानं तो आणखी घाबरला.

ओम्या रडला न्हाई. वाढप्यानं तिसरंबी ताट उचललं तेव्हा तो मामांच्या कानाकडं वाकून म्हणाला, "आबा, आपलं ताट हे कोणाला देऊन राह्यले?"

तोवर मुख्य वाढपी घाबरून मॅनेजर साहेबांना घेऊन आला. जेवणात काही खराब हाय का, असं तो विचारत होता.

"मामा, का जेवत न्हाई तुम्ही?" साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "राग आला असेल तर मला बोला, पण पोरांना तरी खाऊ द्या."

मामा चकितच झाले. "राग कशाचा? वाढणं चालू हाय ना अजून. झालं की बसतो."

"कसलं वाढणं?"

"एक आणतेत, तेच नेतेत, मंग दुसरं आणतेत. एवढे शिकलेले वाढपी, पण सगळं एकदम वाढता येईना त्यांना. म्हणलं नवीन असतील, शिकू द्या. पण लेकरापुढून भरलेलं ताट उचलणं काही मला पटलं न्हाई."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो मामा, इथली पद्धतच तशी हाय. एक खायचं, मंग पुढचं येतं."

"मंग आधी सांगायचं ना. खतवाले, तुम्हाला ठाऊक होतं?"

मला ठाऊक नव्हतं. मी भुकेला होतो म्हणून खाल्लं. पण तसं सांगायची ती जागा नव्हती, म्हणून मी पाणी प्यालो.

साहेबांनी इंग्रजीत त्या काळ्या कोटवाल्याला काय सांगितलं देव जाणे. तो ऐकत गेला, पोरांकडं बघत गेला, आणि मंग त्यानं टाळी वाजवली. चार वाढपी धावले. सूप, पानं, भात, भाज्या, पाव, आणि शेवटचं आइस्क्रीमसुद्धा, सगळं एकदम त्या तिघांपुढं मांडलं. टेबलावर हात ठेवायला जागा राहिली न्हाई. मामांनी सगळ्यावरून नजर फिरवली, मीठ कुठं हाय ते बघितलं, हात जोडले, आणि अंतरवालीच्या मांडवात घ्यायचे तेवढ्याच मोठ्या आवाजात देवाचं नाव घेतलं. पलीकडच्या टेबलावरच्या गोऱ्या बाया दचकल्या. पोरांनी पहिला घास घेतला. हातानंच घेतला.

पण तोवर आमचं सगळ्यांचं जेवण आटोपलेलं. ढाल द्यायची वेळ झाली. मालक बोलायला म्हणून खुर्ची सरकवून उभे राहिले, त्यांच्याबरोबर सगळे दुकानदार उभे राहिले. एवढ्यात पूजानं मान वर केली. तोंडात घास होता, तो आधी गिळला.

"बसा ना," ती मालकांना म्हणाली. "पंगत उठली न्हाई अजून. ओम्या जेवून राह्यला."

मॅनेजर साहेबांचा चेहरा मी बघितला न्हाई, बघवला न्हाई. पण मालकांचा बघितला. मालक स्वतः खेड्यातच वाढलेले. ते पोरीकडं बघत राहिले, मंग मुकाट्यानं खाली बसले. मालक बसले म्हणून साहेब बसले, साहेब बसले म्हणून सगळे बसले. कोट घातलेले एवढे लोक, पोट तुडुंब भरलेलं, घामानं भिजलेले, आणि एक पाच वर्षांचं पोरगं एकेक वाटाणा वेचून खातंय ते बघत बसलेले. त्याला हिरव्या वाटाण्यानंतर गाजर खायचं होतं, गाजरानंतर भात. आइस्क्रीमचं पाणी झालं होतं, ते तो बशी तोंडाला लावून प्याला. मामा तर त्याच्याहून सावकाश. त्यांना पाव सुपात भिजवून खायची युक्ती सापडली होती आणि ती त्यांना फार आवडली होती.

शेवटी मामांचा हात थांबला. पूजानं सगळीकडं बघितलं आणि मालकांना म्हणाली, "उठा आता."

ढाल घेताना टाळ्या पडल्या त्या मामांना होत्या का पोरांना, कोणी विचारलं न्हाई. ती ढाल मामांनी पुढं दुकानात आडवी ठेवली होती, फुटाणे ठेवायला.

घरी आलो. सून दुसऱ्याच दिवशी दुकानात.

"सांगा काका. काटा-चमचा धरला का?"

"न्हाई. हातानं खाल्लं."

"इंग्रजी एखादा शब्द?"

"न्हाई."

"म्हणजे शोभा झाली."

"आता मी सांगतो ते मधी न बोलता ऐक," मी म्हणालो, आणि सूप आलं तिथून सगळं सांगितलं. सासऱ्यानं कोट काढला तेबी सांगितलं, पोरगी मालकाला बसा म्हणाली तेबी सांगितलं. काही झाकलं न्हाई. ती बराच वेळ काउंटरवरची धूळ बोटानं पुसत राहिली.

"तीन ताटं समोरून गेली, आणि ओम्या रडला न्हाई?"

"न्हाई."

"माझ्यापुढं तर दोडक्याची भाजी दिसली की ताट ढकलतो."

"तुझ्यापुढं ढकलतो."

ती गेली. जूनमध्ये पोरं जालन्याला गेलीच, इंग्रजी शाळेतच गेली. बाई हट्टी, माझ्या तोडीची. पण सामानाच्या टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी मामा बसलेले होते, मांडीवर फुटाण्याची ढाल घेऊन. तिनंच सांगितलं होतं, मामा, तुम्ही न्हाई आलात तर ह्यांना जेवायला कोण बसवणार. तिनं हौसेनं जेवायचं टेबल घेतलं होतं. मामा म्हणाले, मी खाली बसतो. ती म्हणाली, टेबल आणलंय. शेवटी तोड निघाली. मामा खुर्चीवर बसायचे, पण मांडी घालून. त्यांचं बघून पोरंबी मांडी घालून, आणि काही महिन्यांनी सूनबी.

मामा गेले त्याला आता वर्ष झालं. परवा दातांच्या डॉक्टरकडं जालन्याला गेल्तो, तर सुनेनं जेवायला थांबवलं. मला मामांची खुर्ची दिली. मी मांडी घातली. दोन दात त्याच दिवशी काढलेले, त्यामुळं माझं जेवण कसं चाललं होतं ते विचारू नका. सगळ्यांचं आटोपलं. पूजा वाळल्या हातानं बसून, सून बसून, ओम्या बसून. खाली गल्लीत पोरं बॅट आपटत होती.

"ओम्या, येतो का न्हाई? तुझी बॅटिंग हाय."

ओम्या खिडकीकडं बघून ओरडला, "थांबा रे. पंगत उठली न्हाई."

आणि माझ्या ताटाकडं बघायला लागला. डोळे पार मामांचे. मला त्याची बॅटिंग कळत होती. मला घाई करता आली असती. मी सुनेला म्हणालो, "अर्धी भाकर वाढ गं अजून."

तिनं बसल्या जागेवरूनच भाकर वाढली, आणि मी ती वरणात भिजवायला घेतली.